बुवांचा वाढदिवस

येत्या रविवारी आमचे बुवा दोन वर्षांचे होतील. बुवा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव. पत्रिकेतलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण गाणं कानावर पडलं की डोळे अर्धे मिटून मान डोलावणाऱ्या आणि रात्री अकराच्या आत अंग न टेकणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

बुवांना संगीत कुठलंही चालतं. मिक्सर सुरू झाला की त्याच पट्टीत 'आ' लावतात. कुकरच्या शिट्टीवर टाळी देतात आणि ती बरोबर पडली की आपल्याकडे बघून हसतात. सकाळी घंटागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की दूध अर्धवट टाकून गॅलरीत. दुपारी आजोबांनी रेडिओ लावला की शेजारी मांडी घालून बसतात, तेही चांगली वीस-पंचवीस मिनिटं! या वयाचं पोर एका जागी दोन मिनिटं बसलं तरी आपण कौतुक करतो.

इथपर्यंत सगळं छान. पंचाईत रात्रीची आहे. पूर्वी सवाई गंधर्व रात्रभर चालायचा, पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि त्या रात्री संपल्या. बहिणीच्या घरी असा काही नियम पोचलेला नाही. दिवा मालवला की बुवा उठून बसतात आणि 'गाणं' अशी फर्माईश होते. एक झालं की 'आणिक'. 'आणिक' हा शब्द ते 'आई'च्या नंतर लगेच शिकले, असं बहीण म्हणते. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून अकरा ते चौदा तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. बुवांची बेरीज दहाच्या वर जात नाही. बरं, मोठ्या माणसाला झोप कमी पडली की तो पेंगतो. लहान मूल उलट जास्त चेकाळतं, आणि मग त्याला झोपवणं आणखी अवघड.

हे गमतीचं वाटतं खरं. पण गेल्या महिन्यात बहिणीचा ऑफिसला जाताना सिग्नलला, स्कूटरवर बसल्या बसल्या डोळा लागला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला म्हणून जाग आली. तिने हे मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

तर भेट काय द्यायची? फोनवर बहीण म्हणाली, "ताई, काय वाट्टेल ते आण, फक्त आवाज करणारं नको." मागून मेहुण्यांचा आवाज, "आवाज न करणारं आणलं तर तो बघणारसुद्धा नाही!" दोघंही बरोबर.

शनिवारी तुळशीबाग, लक्ष्मी रोड, झालंच तर एक मोठं मॉल, असा दौरा केला. खेळण्यांच्या दुकानात आता जवळजवळ सगळंच वाजतं. बदक वाजतं, फोन वाजतो, पुस्तकाचं पान उलटलं की पुस्तक वाजतं. आवाज कमी करायचं बटण मात्र फार थोड्यांना. काहींच्या पोटात बटणासारखे चपटे सेल असतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणं सरळ परत ठेवावं. असा सेल पोटात जाताना अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं, हे सगळ्याच आयांना माहीत असतं असं नाही. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही उलटून पालटून बघत होते. दुकानदार कंटाळला असावा.

मग एक वस्तू अशी दिसली की जणू आमच्याच घरासाठी केलेली. छतावर चांदण्या पाडणारा दिवा, आत वीस अंगाया, शिवाय पावसाचा आवाज. किंमतही परवडणारी. हातात घेऊन बराच वेळ उभी होते. अशा झोपेच्या यंत्रांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली होती, त्यात काही यंत्रांचा आवाज बाळाच्या कानाला घातक ठरेल इतका मोठा निघाला होता. पण ते कारण नव्हे, ते लांब ठेवता येतं, आवाज बारीक करता येतो. माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

यंत्र दमत नाही हो!

आमची आई आम्हाला थोपटायची ते आठवा, किंवा तुमची आठवा. पहिलं कडवं व्यवस्थित. दुसऱ्याची लय जरा खाली. तिसऱ्यात शब्द गाळले जायचे, मग नुसतं गुणगुणणं, मग नुसता हात, आणि तोही मध्येच थांबायचा कारण तिलाच झोप लागलेली. दिवसभर राबलेलं माणूस अंगाई म्हणतं तेव्हा त्या गाण्यालाच झोप येत जाते, आणि मूल त्याच्या मागोमाग उतरतं. त्या दिव्यातली विसावी अंगाई पहिलीइतकीच टवटवीत असणार. आणि ती संपल्यावर बुवा काय म्हणणार? आणिक!

माँट्रियलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. बाळांना कधी न ऐकलेल्या भाषेतलं गाणं ऐकवलं, तर ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. नुसतं बोलणं ऐकवलं तर साधारण त्याच्या निम्मी. ते गाणं रेकॉर्ड केलेलंच होतं, म्हणजे रेकॉर्डिंगचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. आम्हीही तो करून बघितला. सांगलीहून आईने दोन गाणी म्हणून पाठवली. बुवांनी शांतपणे ऐकली, मग फोन उलटा करून मागे आजी आहे का ते बघितलं, ती नाही म्हटल्यावर भोकाड पसरलं. त्या रात्री साडेबारा.

म्हणून मी दिवस आणि रात्र वेगळी काढली. दिवसासाठी वाद्य, खरंखुरं, बुवांनी मारलं तरच वाजणारं. झायलोफोन बघितले, पण स्वस्तातल्यांचे सूर असे की दोन 'सा' एकमेकांशी बोलत नव्हते. ज्याला मिक्सरची पट्टी सापडते त्याच्या हातात बेसूर वाद्य कशाला द्या? चन्नपट्टणचे लाखेच्या रंगाचे खुळखुळे देखणे होते, पण बुवा त्यातून बाहेर पडलेत. टाळ आवडले, पितळी, नाद असा की दुकानातली माणसं वळून बघतील. पण वजन बघता बोटं आणि फरशी दोन्हींची काळजी वाटली.

शेवटी एका वाद्यांच्या दुकानात दिमडी मिळाली. हलकी, बुवांच्या दोन पंजांत मावेल एवढी, वरचं पान फायबरचं. हळू मारलं तर हळू वाजते आणि जोरात मारलं तर जोरात. बटणवाल्या बदकाला हे जमत नाही. दिमडी हे खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हातात असणारं वाद्य, हे आठवून मला दुकानातच हसू फुटलं. रोज जागरण घालणाऱ्याला आणखी काय शोभणार?

बहिणीला फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "ताई, तू माझी बहीण आहेस ना नक्की?"

रात्रीची भेट तिच्यासाठी आहे. रविवारपासून पाच रात्री मी तिथे राहायला जातेय. बुवा माझ्याजवळ, ती दोघं दाराला कडी लावून आतल्या खोलीत. मला तीनच गाणी पाठ आहेत आणि साडेनऊला माझे डोळे मिटायला लागतात. या कामाला माझ्याइतकं लायक माणूस घरात दुसरं नाही.

आईने जुन्या इरकलीची एक गवसणी शिवून पाठवलीय दिमडीसाठी, नाडीसकट. संध्याकाळी सात वाजले की दिमडी दमते, तिला बुवांनी स्वतः गवसणीत घालायचं आणि थोपटायचं, असं ठरलंय. बुवांना अजून विचारलेलं नाही.