बुचाचा घोडा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने संगणकावरील खेळांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या खेळांनी आमची एक जुनी चूक आमच्या पदरात घातली, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही काही दिवस बहिणीकडे मुक्कामास होतो. भाचा बारावीत नापास झालेला. घरात कोणाशी धड बोलत नसे, मध्यरात्रीपर्यंत संगणकापुढे बसून राही. एका रात्री आम्ही हळूच त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर घोडदळ उधळत असेल, तटबंद्या ढासळत असतील, अशी आमची कल्पना. पाहतो तो काय, काळ्या पडद्यावर नुसती रंगीत अक्षरे, टिंबे आणि चिन्हे!

"अरे, हा खेळ आहे की संगणक बिघडला आहे?" आम्ही विचारले.

कित्येक दिवसांनी तो हसला. "मामा, हे 'सी' अक्षर म्हणजे मांजर. आणि हा हसरा चेहरा म्हणजे माझा गवंडी."

खेळाचे नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा गड. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी तो रचला आणि २००६ साली विनामूल्य लोकांपुढे ठेवला. चाहत्यांच्या देणग्यांवर त्यांचे काम चाले. खेळ सुरू होण्यापूर्वी संगणक एक सबंध जग घडवतो. डोंगर, नद्या, खडकांचे थर, राज्ये आणि त्या राज्यांचा पूर्वेतिहासदेखील. मग सात बुटके घेऊन आपण डोंगर पोखरायचा आणि वस्ती उभी करायची. प्रत्येक बुटक्याला स्वभाव आहे, आवडीनिवडी आहेत, आठवणी आहेत. जिवलग गेला तर तो खचतो.

भाच्याने सांगितलेली एक हकीकत आम्ही विसरू शकत नाही. २०१५ साली या खेळात मद्यालये आली आणि मांजरे अकारण मरू लागली. शोधाअंती उलगडा झाला. सांडलेली दारू मांजरांच्या पंजांना लागे, मांजरे आपल्या सवयीप्रमाणे पंजे चाटीत, आणि हिशेबातील एका चुकीमुळे तेवढ्या चाटण्यात पेलाभर दारू त्यांच्या पोटात जाई. मांजराने झिंगून मरावे, असे कोणी योजलेले नव्हते. निरनिराळे नियम एकत्र आले आणि घटना आपोआप घडली. खेळाची खोली म्हणतात ती हीच असावी.

आम्हाला वसतिगृहातील दिवस आठवले. आमचा बुद्धिबळाचा पट पुठ्ठ्याचा होता. पांढऱ्याचा एक घोडा हरवला, तेव्हा त्याच्या जागी सोडावॉटरच्या बाटलीचे पत्र्याचे बूच आले. काळ्याच्या हत्तीची जागा कोटाच्या बटणाने घेतली. डाव तसूभरही उणा झाला नाही. बूच अडीच घरे चाले, आणि तेवढ्याने ते घोडा होई.

त्यानंतर आम्ही या पक्षाचे कट्टर पुरस्कर्तेच झालो. चित्र म्हणजे पोरखेळ, खरा खेळ नियमांत, असे ज्याला त्याला सांगू लागलो. पुरावेही मिळत गेले. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला, तो चौकोनी घरांच्या साध्या नकाशावर. तरी लोक त्यात रात्री जागवीत. खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, असे मायर यांचे प्रसिद्ध मत. त्याच मालिकेतील २०१० चा पाचवा खेळ दिसायला देखणा, षट्कोनी घरांचा. पण एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नवा नियम संगणकरूपी प्रतिस्पर्ध्याला पेलवत नाही, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार होती. उलट न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१२ मध्ये १४ खेळ आपल्या संग्रहासाठी निवडले, त्यांत बुटक्यांचा हा अक्षरी गडही होता.

धाकट्या भाचीने एकदा तो गड खेळून पाहिला आणि दहा मिनिटांत उठली. "मला यात काही दिसतच नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनी नव्हे, बुद्धीने पाहा," असे आम्ही तिला ऐकवले. वाक्य आम्हाला फार आवडले होते.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये, कुटुंबातील आजारपणाच्या खर्चाची धास्ती घेतलेल्या त्या बंधूंनी खेळाची सचित्र आवृत्ती विक्रीस आणली. अक्षरांच्या जागी चित्रे आली, माउसने खेळण्याची सोय झाली. त्या एका महिन्यात जवळजवळ ५ लाख प्रती खपल्या. नाताळच्या सुटीत आम्ही बहिणीकडे गेलो, तो संगणकापुढे दोन खुर्च्या! भाची तावातावाने सांगत होती, "दादा, विहीर इथे नको, पाणी कोठारात शिरेल." आणि जो मुलगा घरात बोलत नव्हता, तो तिच्याशी कडाकडा भांडत होता. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती ऐकत होती.

खेळ तोच होता. पाणी पूर्वीप्रमाणेच उताराला वाहत होते, बुटके पूर्वीप्रमाणेच झुरत होते. मग इतके दिवस त्या मुलीला बाहेर कोणी ठेवले होते? खोलीने निश्चितच नव्हे. चित्राने खेळ खोल होत नाही, हे आम्ही आजही म्हणतो; पण त्या खोलीत उतरायला कोणाला पायऱ्या लागतात, आणि त्या मागणाऱ्याला आम्ही मंद ठरवतो.

त्या रात्री आम्हाला वसतिगृहातील एक नवा मुलगा आठवला. खेड्यातून आलेला, बुजरा. तो एकदा आमच्या पटाशी येऊन बसला होता. "यातला घोडा कुठला?" असे त्याने विचारले आणि आम्ही दोघे मित्र पोट धरून हसलो. तो उठून गेला, पुन्हा कधी पटाशी आला नाही. आमच्या खिशात तेव्हा लाकडी घोड्यापुरते पैसे होते. घोडा आणावा, असे आम्हाला सुचले नाही, कारण आम्हाला तो दिसतच होता.