लेख तिकडे, वाचक इकडे

हाइव्ह या ब्लॉकचेनवरच्या लेखनमंचाबद्दल मी फेसबुकवर किंवा नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर काही लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पैसे किती मिळतात? त्याच्या पाठोपाठ दुसरा : हे चेन मार्केटिंग तर नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाला गेनबिटकॉइन आठवतं. दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, या आमिषाला भुलून लोकांनी पैसे गुंतवले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्या योजनेच्या सूत्रधाराला अटक केली. त्याच वर्षी जानेवारीत फेसबुकने आभासी चलनांच्या जाहिराती बंद केल्या, एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. पुढे मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण मनात बसलेली भीती परिपत्रकाबरोबर जात नाही. शेजारची बाई ‘या, ब्लॉकचेनवर लेख लिहा’ म्हणाली, तर ऐकणाऱ्याने आधी खिसा चाचपावा हेच शहाणपणाचं.

म्हणून पैशांचं मी लपवत नाही, फक्त ते सर्वांत वर ठेवत नाही. लेख टाकल्यावर सात दिवस वाचक त्याला मतं देतात, प्रत्येक मताचं वजन मत देणाऱ्याने गुंतवून ठेवलेल्या टोकनांवर, म्हणजे तिथल्या आभासी चलनावर, ठरतं, आणि सात दिवसांनी जे जमतं त्यातलं अर्धं लेखकाला, अर्धं मत देणाऱ्यांना जातं. नवख्याच्या वाट्याला बहुधा काही सेंट येतात. टोकनाचा भाव पडला तर तेही घटतात. टोकन विकून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर तीस टक्के कर आहे. एवढं ऐकून ज्यांचा रस संपतो त्यांना मी थांबवत नाही.

मला स्वतःला इथे धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. मी आधी स्टीमिटवर लिहीत होते. २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी सुरू केलेलं ते स्टीम नावाच्या साखळीवरचं, म्हणजे ब्लॉकचेनवरचं, संकेतस्थळ. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासून टोकनांचा प्रचंड साठा होता. तो मतदानासाठी वापरला जाणार नाही, अशी लोकांची समजूत होती. साखळी चालवणाऱ्यांना तिथे ‘विटनेस’ म्हणतात आणि त्यांना सदस्यच निवडून देतात. या विटनेसनी तो साठा गोठवला. मार्चच्या सुरुवातीला आभासी चलनाच्या काही मोठ्या एक्स्चेंजनी सन यांच्या बाजूने ग्राहकांनी त्यांच्याकडे ठेवलेली टोकनं मतदानाला लावली आणि विटनेस रातोरात बदलले. ग्राहकांना कोणी विचारलंही नव्हतं.

यावर सदस्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी साखळीची नवी शाखा काढली. आपल्याकडे जनता कर्फ्यूची तयारी चालू होती त्या आठवड्यात, २० मार्च २०२० ला, हाइव्ह सुरू झालं. जुने लेख, प्रतिक्रिया, खाती, शिल्लक सगळं तिथे आलं. कंपनीचा तो साठा मात्र वगळला गेला. मी जुनंच नाव आणि जुनीच गुप्त किल्ली (की) वापरून आत गेले. माझे मराठी लेख, त्यांच्याखालचे संवाद, सगळं जागच्या जागी होतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. मालकाने ठरवलं, जागा मिटली. इथे मालकाशी पटलं नाही तर लोक आपलं लेखन घेऊन निघू शकले. हे मला ओळखीच्या प्रत्येक लिहित्या माणसाला सांगायचं होतं, आणि सांगायला जागा एकच : जिथे ही सगळी माणसं रोज असतात तीच, म्हणजे फेसबुक, व्हॉट्सॲप, ट्विटर.

या जागांना आपला वाचक बाहेर गेलेला आवडत नाही. ट्विटर विकत घेऊन त्याचं एक्स करणाऱ्या इलॉन मस्क यांनी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडच सुचवलं की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खालच्या उत्तरात द्या. हाइव्हवर पॉश नावाचा उपक्रम आहे. तुम्ही हाइव्हचा लेख ट्विटरवर पोहोचवला की त्याबद्दल टोकनं मिळतात. कल्पनेमागचा हेतू मला पटतो, पण टोकनांसाठी टाकलेली पोस्ट लगेच ओळखू येते : एक लिंक, चार हॅशटॅग आणि खाली एकमेकांनाच दिलेली शाबासकी. बाहेरच्या माणसाने तिथे थांबावं असं त्यात काहीच नसतं. एका साहित्यविषयक गटात माझी लिंक चालकांनी दोनदा काढून टाकली. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की लेख कोणी उघडलाच नव्हता, ‘ब्लॉकचेन’ शब्द पाहून काढला होता.

रस्ता सापडला तो शेजारच्या काकूंमुळे. काकू मूळच्या अलिबागकडच्या. त्यांना मी वालाच्या बिरड्यावर लिहायचा आग्रह केला.

‘‘अगं, पण तिकडे हे वाचणार कोण?’’

‘‘तुम्ही लिहा तर, काकू.’’

त्यांनी पाककृतीपेक्षा सोलण्यावरच जास्त लिहिलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून घरातल्या बायका गोल बसायच्या, डाळिंब्या सोलता सोलता कोणाच्या लग्नाचं, कोणाच्या जमिनीच्या वाटणीचं बोलणं निघायचं, आणि साल न फाटता दाणा बाहेर काढणाऱ्या आत्याचं कौतुक. मी खाली इंग्रजी गोषवारा जोडला. दोन दिवसांत व्हेनेझुएलातल्या एका बाईंची स्पॅनिशमधून प्रतिक्रिया आली. काळ्या घेवड्यातले खडे निवडायला त्यांची आजी सगळ्यांना टेबलाभोवती बसवायची, आता त्यांची दोन्ही मुलं देशाबाहेर आहेत आणि त्या एकट्या निवडतात. काकूंनी मला ते तीनदा वाचून दाखवायला लावलं आणि मग मराठीतून उत्तर लिहिलं. ‘तिलाही भाषांतर करता येईल की,’ म्हणाल्या.

काकूंच्या आणि त्या बाईंच्या परवानगीने हा संवाद मी मराठीत जसाच्या तसा फेसबुकवर ठेवला. ब्लॉकचेनचा उल्लेख केला नाही, मिळकतीचा नाही. काकूंचा सोलण्याचा परिच्छेद, खाली ते उत्तर, आणि पहिल्या कमेंटमध्ये लिंक. माझ्या कुठल्याही प्रचाराच्या पोस्टला आली नव्हती इतकी माणसं त्यावर बोलली. कोणी कडव्या वालांबद्दल, कोणी वालाच्या शेंगांच्या पोपटीबद्दल, आणि मग त्यातल्याच काहींनी विचारलं की हे लिहिलंय कुठे.

तेव्हापासून मी असंच करते. लेखातला सर्वांत जिवंत तुकडा इकडे आणते, पूर्ण आणते, अर्ध्यावर तोडून ‘पुढे वाचा’ म्हणत नाही. ज्याला पुढचं हवं असतं तो जातो.

गेल्यावर मात्र दोन गोष्टी मी समोर बसवून सांगते. पहिली, किल्ल्यांची. लेख टाकायला पोस्टिंग की, पैशांच्या व्यवहाराला ॲक्टिव्ह की, आणि सगळ्यांच्या वर ओनर की. ओनर की कागदावर लिहून कपाटात ठेवायची, कारण हरवली तर फोन करून परत मागायला तिथे कार्यालय नाही. काकूंनी ती पोथीच्या बासनात ठेवली आहे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लेख बदलता येतो, पानावरून काढताही येतो, पण साखळीत त्याची पहिली आवृत्ती राहते आणि ज्याला शोधायची त्याला ती सापडते. जी टिकण्याची हमी मला इतकी प्रिय आहे, तीच एखाद्याला आयुष्यभर टोचू शकते. स्वतःबद्दल, त्याहून अधिक दुसऱ्याबद्दल लिहिताना हे माहीत असायलाच हवं. प्रचार करणारे हे सांगत नाहीत याचा मला राग येतो.

मागच्या पावसाळ्यात भाचीची मैत्रीण आली होती, पत्रकारिता शिकणारी. वसतिगृहातल्या एका मुलीवर झालेल्या अन्यायाबद्दल तिला लिहायचं होतं. मी तिला हे सगळं सांगितलं. त्या मुलीला विचारलंस का, म्हटलं. तिने विचारलं, आणि तो मजकूर वहीतच ठेवला. पहिला लेख तिने एसटीच्या रात्रीच्या प्रवासावर लिहिला. त्यातला झोपलेल्या प्रवाशांना नाव घेऊन उठवणाऱ्या वाहकाचा परिच्छेद मी फेसबुकवर टाकला. खाली सातारा आणि कऱ्हाडच्या मंडळींनी आपापल्या गाड्यांच्या आठवणी इतक्या सविस्तर लिहिल्या की त्यातल्या दोन सरळ लेखच आहेत. त्या दोघांना मी निरोप पाठवलाय : खातं कसं काढायचं ते, आणि त्याआधी वाचायची किल्ल्यांची माहिती.