जावक क्रमांकाविना

दिल्लीच्या हिवाळ्यात मधल्या सुट्टीत आमच्या कचेरीच्या हिरवळीवर उन्हाबरोबर विणकामाच्या सुयाही चमकू लागतात. तेथेच एका मैत्रिणीने विचारले, "रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी रजया घ्यायच्या आहेत. विणलेल्या वस्तूंची विक्री मांडणार आहोत. तू काय देशील?"

घरी आजीच्या हातचा अर्धवट स्वेटर होता. १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी घरोघरी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले गेले. त्यांत तिच्याही सुया चालल्या होत्या. हा शेवटचा स्वेटर मात्र माझ्यासाठी होता. ती गेल्यापासून दोन वर्षे मी तो पेटीत जपला होता. त्या रात्री तो उसवला. एकेक टाका सुटताना हात अडखळत होता. त्याच लोकरीच्या तीन टोप्या झाल्या. एकीत एक टाका चुकला. आजीने ती पुन्हा उसवायला लावली असती.

टोप्या विकल्या गेल्या. कोणी नेल्या, ठाऊक नाही. आवक-जावकच्या नोंदवहीत दिवस घालवणाऱ्या माझ्यासारखीला हे जरा अवघडच वाटले. मग आठवले, आपला स्वेटर कोणत्या जवानाच्या अंगावर गेला, हे आजीला तरी कोठे कळले होते! थंडी वाढली की ती एवढेच म्हणे, "घातला असेल कोणीतरी."