सफाईवाल्या बाई

अंग जेमतेम दोन इंच. पाठ लालभडक, तिच्या मधोमध डोक्यापासून शेपटीकडे गेलेली पांढरी रेघ आणि अंगाहून लांब, पांढऱ्याशुभ्र मिशा. आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या या क्लीनर श्रिम्पचे शास्त्रीय नाव लिस्माटा अँबोइनेन्सिस, इंडोनेशियातल्या अंबोनवरून पडलेले. आम्ही नुसते 'बाई' म्हणतो. तेही अर्धेच खरे, कारण ही जात तरुणपणी नर असते आणि पुढे नर-मादी दोन्ही एकदमच होते.

बाईंना भीड ठाऊक नाही. समुद्रात यांची ठरलेली जागा असते. तिथे मिशा हलवत बसल्या की गिऱ्हाईक आपणहून येते, कल्ले पसरून, जबडा वासून उभे राहते. बाई मोरे ईलच्या दातांमधूनही बिनधास्त फिरतात, परजीवी किडे आणि मेलेली कातडी टिपून खातात. टाकीची काच पुसायला हात घातला की माझ्या नखांचीही झडती होते.

अशा धीट बाई दर काही आठवड्यांनी अचानक खाणे सोडतात आणि खडकाच्या कपारीत दडी मारतात. कवच काही वाढत नाही, आतली बाई वाढते. मग जुने टाकण्यावाचून इलाज नाही. ते कधी टाकायचे, याचा लगाम डोळ्यांच्या देठांत असतो. तिथून येणारे संप्रेरक कात रोखून धरते. ते ओसरले की आत नव्या कवचाची तयारी सुरू.

प्रत्यक्ष प्रकार बहुधा रात्रीच उरकतो. पाठीवर, डोक्याचे कवच आणि शेपूट जिथे जुळतात तिथे फट पडते. बाई कमरेत वाकून आधी डोके, मिशा आणि पाय ओढून काढतात, घामेजल्या अंगातून तंग चुडीदार काढावा तसे, आणि शेवटी शेपटीचा एक झटका! मागे उरते ते पारदर्शक सोंग: प्रत्येक पाय, डोळ्यांवरची झाकणे, इतकेच काय, जठराचे आतले अस्तरसुद्धा त्यात असते. सकाळी ते वाळूवर पाहून पाहुणे हळहळतात, "गेली वाटतं बिचारी." बिचारी कपारीत पाणी पिऊन फुगत असते, कारण नवे कवच मऊ आहे तोवरच अंग वाढवून घ्यायचे. या दिवस-दोन दिवसांत कालचे गिऱ्हाईकही तिला गिळू शकते. पोटाशी हिरवी अंडी घ्यायची तर जोडीदाराशी मीलनही याच नाजूक वेळी, कात टाकल्या टाकल्या.

कात सुखरूप पडावी म्हणून काही जण पाण्यात आयोडीनचे थेंब घालतात. मला त्यापेक्षा वेळच्या वेळी थोडे पाणी बदलणे आणि क्षारता स्थिर ठेवणे भरवशाचे वाटते. तांबे मात्र वर्ज्य! माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दुकानदार हमखास तांब्याचे औषध देतात. बाईंच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक तांब्याचाच, पण पाण्यात मिसळलेले तांबे त्यांचा जीव घेते. म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत.

गेल्या खेपेला बाहेर आल्या त्या नव्या मिशीसह. तुटलेल्या उजव्या मिशीच्या जागी आखूड कोंब फुटला होता. आणखी एक-दोनदा कात टाकली की तीही पुरती होईल. तोवर त्या डाव्या मिशीने गिऱ्हाईक बोलावतात आणि माशांच्या खाण्यावर आधी स्वतः हात मारतात.