भाऊबंदकीतले भूत आणि परका झोंबी

झोंबीपटाला पैसा थोडा पुरतो, पण माणसे पुष्कळ लागतात. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ 1968 साली आला, तेव्हा त्याचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या आतच होता. त्यात रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता. चित्र कृष्णधवल असल्याने ते खपून गेले. मढी झाली ती आसपासची माणसे. कथा एका शेतघरात घडते. आत अडकलेले लोक बाहेरच्या मढ्यांशी लढतात त्याहून जास्त आपसात भांडतात. तळघरात लपायचे की वर थांबायचे, एवढ्याच मुद्द्यावर घर दुभंगते आणि शेवटी मुलगी आपल्याच बापाला खाते. चित्रपट विनोदी नाही, पण ग्रामीण कुटुंबाला झोंबीत घालून हसायची सोय त्यानेच करून ठेवली.

खान्देशातल्या चाळीसगाव तालुक्यात 1970च्या सुमारास जन्मलेल्या पिढीला झोंबी हा प्राणी फार उशिरा भेटला. तिचे बालपण वेगळ्या मेलेल्यांत गेले. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडत आणि गोष्टी सुरू होत. मुंजा पिंपळावर, कारण मुंजीनंतर लग्न व्हायच्या आत तो गेला. हडळ ही बाळंतपणात गेलेली बाई. कन्नड घाटात ट्रक थांबवणाऱ्या बाईचेही काहीतरी राहून गेलेले असते. भुताला असे कारण असते, नातलग असतात आणि इच्छा पुरी झाली की ते निघून जाते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर मेलेल्यांना रीतसर जेवायला बोलावतात. पितरांच्या नावाने घागर भरायची, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करायचा, विस्तवावर आगारी टाकायची. पितर जेवले की घरातली माणसे जेवतात आणि माहेरवाशिणी झोक्यावर बसतात. जेवायला येणाऱ्या मृतांची खान्देशाला भीती नाही. ते उपाशी परत जाऊ नयेत एवढीच काळजी.

मराठी पडद्यानेही हेच भूत उचलले. ‘एक डाव भुताचा’ 1982 साली आला. त्यातले भूत गरीब मास्तरच्या मदतीला धावते. 1993च्या ‘झपाटलेला’मध्ये महेश कोठारे यांनी रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात तात्या विंचूचा आत्मा घातला. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची होती, तरी आत्मा अस्सल गावठी गुंडाचा निघाला. 2004च्या ‘पछाडलेला’त वाड्यातल्या इनामदार भुस्नळ्यांचा जुना हिशेब उरकायचा असतो. यातले बरेचसे या पिढीने थिएटरात नव्हे, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिले. एका रात्रीत तीन सिनेमे, गल्लीभर प्रेक्षक, आणि भूत पडद्यावर येताच वीज गेली की खरा आरडाओरडा.

त्याच व्हिडिओतून मालेगावचा सिनेमा निघाला. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. यंत्रमागावरचे कामगार नट, ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ही धडपड जगभर दाखवली आणि 2025 मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत लागला. रोमेरो आणि नासिर यांचे शास्त्र एकच: नट ओळखीतले, जागा फुकटची. फरक असा की मालेगावने विडंबन केले ते हिरोंचे. मढ्यांकडे ते वळले असते तर आसपास स्वस्तातले स्मशान शोधावे लागले नसते.

मराठी झोंबी मात्र डोंबिवलीत उपजला. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ 26 जानेवारी 2022 रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी त्यात आहेत. टॉवर, शेजारची झोपडपट्टी आणि पाणी यांचा तो खेळ आहे. झोंबीने शहर गाठले हे बरोबरच झाले. त्याला नाव नाही, इच्छा नाही, नाते नाही. शेजारी कोण राहतो हे माहीत नसलेल्या इमारतीतच तो सुखाने नांदू शकतो. सरपोतदार स्वतः पुढे 2024 मध्ये ‘मुंज्या’कडे, म्हणजे पुन्हा पिंपळाकडेच वळले.

खेड्यात झोंबी दारात आला, तर घरातली म्हातारी काठी उचलण्याआधी अहिराणीत विचारणार, “कोना शे रे तू?” ओळख पटली की डोके फोडण्याचा मार्ग खुंटला, कारण तो निघणार चुलत सासरा. मग खरी अडचण सातबाऱ्याची. वारसनोंद होऊन गेली, फेरफार मंजूर झाला, वाटण्या झाल्या आणि आता मूळ खातेदार ओसरीवर येऊन बसला आहे. हे कल्पनेतलेच आहे असेही नाही. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यात लाल बिहारी या शेतकऱ्याला जमिनीपायी कागदोपत्री मृत ठरवले गेले. त्यांनी अशाच ‘मेलेल्यां’चा मृतक संघ काढला आणि 1994 साली सरकारदरबारी ते पुन्हा जिवंत झाले. सतीश कौशिक यांनी त्यांच्यावर ‘कागज’ काढला, 2021 मध्ये. त्यात जिवंत माणूस मेलेला ठरतो. चाळीसगावच्या झोंबीपटात मेलेला हिस्सा मागायला येईल, आणि त्याला पाहून सगळ्यांत आधी पळेल तो तलाठी.