अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या व्हिडिओ गेमच्या अस्सल तबकड्यांच्या नकला करून ठेवणे हा माझा गेल्या काही वर्षांचा व्यासंग आहे, असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम जो भाव उमटतो तो संशयाचा असतो. आणि तो अगदीच निष्कारण असतो असे मला म्हणता येणार नाही, कारण प्लेस्टेशन नावाचे यंत्र ज्या काळात मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांत शिरले त्या काळात बाजारात शे-पन्नास रुपयांना जी सीडी मिळे ती बहुधा चोरून छापलेली असे, आणि नक्कल म्हटली की चोरी हे समीकरण तेव्हापासून लोकांच्या मनात घट्ट बसले आहे.

मी ज्या घरात वाढलो तेथे मात्र नकलेला प्रतिष्ठा होती. वडील न्यायालयाच्या नक्कल विभागात कारकून होते. फैसलनामे, वाटणीपत्रे, क्वचित निजामी अमदानीतील उर्दू सनदा, यांच्या नकला तयार करून त्यांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारणे आणि सहीशिक्क्यासाठी त्या वरिष्ठांपुढे ठेवणे, यात त्यांची हयात गेली. एकाने अस्सल मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे, आणि ओळ न् ओळ जुळली म्हणजेच ‘रुजू’ लिहायचे, अशी तेथील शिस्त असे. मुळात चूक असली तर ती चूकसुद्धा नकलेत जशीच्या तशी उतरली पाहिजे, नक्कल करणाऱ्याला दुरुस्तीचा अधिकार नाही, हे ते आम्हा भावंडांना इतक्या गांभीर्याने सांगत की त्यातील मर्म पुढे भलत्याच क्षेत्रात माझ्या उपयोगी पडावे याचे मला आता नवल वाटत नाही.

सोनीचे प्लेस्टेशन जपानात ३ डिसेंबर १९९४ रोजी विक्रीस आले. आमच्या घरी ते आले विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, शारजाला नोकरीस असलेल्या मामांच्या सामानातून, आणि त्याबरोबर आल्या ‘टेकन ३’ व ‘क्रॅश टीम रेसिंग’ यांच्या अस्सल, युरोपीय आवृत्तीच्या तबकड्या. अस्सल प्लेस्टेशनची तबकडी पालथी केली की ती ओळखू येते, कारण तिची वाचनाची बाजू रुपेरी नसून जवळजवळ काळी असते. उजेडासमोर धरली की त्या काळ्यातून गडद जांभळट झाक दिसते. पुढे नोकरी लागल्यावर जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुने चार्जर, टीव्हीचे रिमोट आणि मोडके मिक्सर यांच्या ढिगाऱ्यातून अशाच काळ्या तबकड्या शोधण्याचा मला छंद लागला. “लेके जाव साहब, किसी काम की नै,” असे म्हणत एका वृद्ध विक्रेत्याने एकदा वेष्टण नसलेल्या तबकड्यांचा गठ्ठा माझ्या हाती ठेवला, आणि त्या एकमेकींवर घासत आलेल्या पाहून माझ्या पोटात कालवले.

सामान्य समजूत अशी की सीडीला जपायचे म्हणजे तिची चकचकीत बाजू जपायची. वस्तुस्थिती उलट आहे. त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पॉलिकार्बोनेट असते, त्यावरचा ओरखडा बहुधा वरवरचा राहतो. ज्या ॲल्युमिनियमच्या थरावरून लेसर परावर्तित होतो तो मात्र वरच्या, चित्र छापलेल्या बाजूला, लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. तो लेप खरवडला गेला किंवा त्यातून हवा आणि दमटपणा आत शिरला की ॲल्युमिनियम गंजू लागते, आणि त्याबरोबर माहितीही जाते. तबकडी दिव्यासमोर धरली असता सुईच्या अग्राएवढी छिद्रे चमकताना दिसली की काय घडले ते समजावे. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटाला हात लावून पाहिला की चटका बसतो आणि त्याच कपाटात जुलैत पुस्तकांना बुरशी येते. अशा हवामानात तबकडी कपाटात आहे म्हणून सुरक्षित आहे, असे समजणे मला कधीच पटले नाही.

नकलेचे काम मी रात्री करतो, कारण दिवसा विजेचा भरवसा नसतो. तबकडी प्रथम शुद्ध पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसायची, आणि पुसायची ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत, गोल कधीही नाही. कारण माहिती मध्यापासून बाहेर जाणाऱ्या एका अखंड सर्पिल रेषेत कोरलेली असते, आणि चुकून उमटणारा ओरखडा त्या रेषेला आडवा छेदून गेला तर प्रत्येक वेढ्याचे अगदी थोडे नुकसान होते, जे सीडीतील दोषनिवारणाची गणिती योजना भरून काढू शकते. तोच ओरखडा रेषेच्या दिशेने गेला तर सलग मजकूर नाहीसा होतो. मग संगणकाच्या ड्राइव्हमध्ये ती घालून वेग शक्य तितका कमी ठेवायचा आणि थांबायचे.

येथे एक बारकावा आहे आणि त्यापाशी मी वाचकाला थोडे थांबवणार आहे. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीवर सेकंदास ७५ प्रमाणे ३,३३,००० सेक्टर बसतात. प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटांचा असतो; परंतु संगणकाच्या नेहमीच्या व्यवहारात त्यांपैकी २,०४८ बाइटच मजकूर म्हणून गणले जातात, बाकीची जागा पत्ते आणि दोषशोधन यांकडे जाते. सीडी ‘कॉपी’ करणारी साधी साधने हा मजकूर तेवढा उचलतात. प्लेस्टेशनच्या खेळांत मात्र संगीत आणि चलच्चित्रे यांच्यासाठी असे सेक्टर वापरलेले असतात की ज्यांत दोषनिवारणाची जागा आवरून २,३२४ बाइट मजकूर भरलेला असतो. त्यामुळे साधी नक्कल घेतली तर खेळ कदाचित सुरू होतो, पण चित्रफीत यायच्या जागी तो अडखळतो. म्हणून संपूर्ण २,३५२ बाइट, कच्चे, जसेच्या तसे उतरवून घ्यावे लागतात.

एवढ्यानेही भागत नाही. ‘क्रॅश टीम रेसिंग’च्या युरोपीय आवृत्तीत लिबक्रिप्ट नावाची संरक्षक योजना आहे, मुख्य मजकुराबरोबर वाहणाऱ्या उपप्रवाहात काही ठरावीक सेक्टरांपाशी हेतुपुरस्सर चुकीच्या नोंदी केलेल्या आहेत, आणि त्या चुका जागच्या जागी आहेत की नाहीत यावरून खेळ अस्सल तबकडी ओळखतो. बहुतेक साधने हा उपप्रवाह वाचतच नाहीत, आणि काही तर त्यातील चूक पाहून ती सौजन्याने सुधारून ठेवतात! मुळातील चूक नकलेत उतरलीच पाहिजे हा वडिलांचा दंडक मला तेव्हा अक्षरशः आठवला. उपप्रवाहासकट नक्कल घेतली आणि संगणकावरच्या अनुकारक प्रणालीत ती निर्वेध चालली, तेव्हा वडील हयात असते तर त्यांना ती बोलावून दाखवली असती.

रुजवातीची पद्धतही मी त्यांचीच ठेवली आहे. तीच तबकडी दुसऱ्या, निराळ्या बनावटीच्या ड्राइव्हवर पुन्हा वाचायची, दोन्ही नकलांचा गणिती ठसा काढायचा आणि चाळीस चिन्हांची ती ओळ अक्षर न् अक्षर ताडून पाहायची. एक बाइट जरी बदलला असला तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो. जगभरच्या संग्राहकांनी रीडंप नावाच्या उपक्रमात अशा ठशांची एक मोठी नोंदवही तयार केली आहे. जाफर गेटच्या धुळीतून उचललेल्या तबकडीचा ठसा कुठल्याशा दूर देशातील अनोळखी माणसाच्या तबकडीशी जुळतो, तेव्हा मी माझ्या वहीत त्यापुढे ‘रुजू’ असे लिहितो.

आता कायद्याविषयी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५२ सांगते की संगणक प्रणालीच्या प्रतीचा जो कायदेशीर ताबेदार आहे त्याने हानी, नाश किंवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, ज्या कामासाठी ती प्रत मिळाली त्याच कामासाठी, राखीव प्रत केली तर तो हक्कभंग नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-क मात्र हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक योजना निष्फळ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते. या दोन कलमांच्या मधली वाट मला पुरेशी स्पष्ट दिसते: तबकडी माझ्या मालकीची हवी, नक्कल कुणाला विकायची नाही, वाटायची नाही, आणि तबकडी दुसऱ्याच्या हाती गेली तर नक्कल पुसून टाकायची. ती प्लेस्टेशनवर चालवण्याचा प्रयत्नही मी करत नाही. अस्सल तबकडीच्या आरंभीच्या भागात सर्पिल रेषेलाच एक सूक्ष्म हेलकावा देऊन त्यात प्रदेशाची खूण गुंफलेली असते, आणि घरगुती यंत्राने कोऱ्या सीडीवर ती उमटवता येत नाही. मला त्याची गरजही वाटत नाही. मुले खेळतात ती संगणकावरची नक्कल; अस्सल विश्रांती घेते.

नक्कल झाली की ती ठेवायची कोठे, हा प्रश्न उरतो, आणि त्याबाबत आमच्या जिल्ह्याइतका कठोर धडा क्वचितच कुणाला मिळाला असेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. अनेक वर्षे खपून त्यांनी केलेली बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत भस्मसात झाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा आरंभले, आणि त्यांतील कितीतरी चित्रे १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत गेली. इकडे लेण्यांतील अस्सल रंग त्या अवधीत फिकेच पडत होते. दोन पिढ्यांचे श्रम एकेका छपराखाली ठेवल्यामुळे गेले, हे वाचल्यापासून माझ्या नकलांचा एक संच येथे आणि दुसरा पुण्याला धाकट्या बहिणीकडे असतो; ती दर दिवाळीला तो सुरू करून ठसे तपासते आणि “दादा, सगळे जुळले” एवढा निरोप धाडते. कोऱ्या सीडीवर मी फारसा विसंबत नाही. तिच्यातील सेंद्रिय रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने उतरते, शिवाय चांगल्या कोऱ्या सीडीही आता दुर्मिळ झाल्या आहेत. प्रकाशीय तबकड्यांच्या जगातील अग्रगण्य उत्पादकांत गणली जाणारी नॉइडाची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

‘टेकन’ची चिंता मी न वाहिली तरी चालण्यासारखे आहे, त्याच्या तबकड्या लाखोंनी निघाल्या आणि त्यांचे रक्षक पृथ्वीभर आहेत. मला खरी तळमळ लागली आहे ती आपल्याकडच्या तबकड्यांची. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या संस्थेने प्लेस्टेशन २ साठी केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतात संपूर्णपणे घडलेला कन्सोलवरचा हा पहिला खेळ. त्याच सुमारास गिल्लीदांडू आणि कबड्डी यांसारखे देशी खेळ घेऊन ‘देसी अड्डा’ आला, आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्लीतले क्रिकेट प्लेस्टेशन २ वर आणले. समीक्षकांनी ‘हनुमान’ची वाखाणणी केली नाही, आणि खेळून पाहिल्यावर मलाही त्यांचे म्हणणे अन्यायाचे वाटले नाही; पण पहिलेपणाचे मोल गुणवत्तेवर अवलंबून नसते. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जावी लागते, चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात संग्रहालय आहे; खेळाची तबकडी कोठे जमा करावी असा हुकूम कुणी काढलेला नाही. ती जगली तर एखाद्या घरातल्या खणात जगते.

माझ्या संग्रहातील ‘हनुमान’ची तबकडी बाहेरच्या कडेशी घासलेली आहे आणि तेथील काही सेक्टर दोन्ही ड्राइव्हवर अजून वाचले गेलेले नाहीत. सुदैवाने कोणते सेक्टर सदोष आहेत हे यंत्र नेमके सांगते, आणि त्याच आवृत्तीची दुसरी तबकडी, मग ती कितीही झिजलेली असो, निराळ्या ठिकाणी झिजलेली असली तर दोहोंतून एक निर्दोष नक्कल जुळवता येते. ती दुसरी तबकडी मी जाफर गेटला, शहागंजला, आणि जालन्याच्या जुन्या बाजारातही शोधतो आहे. ओळखीच्या विक्रेत्यांना वेष्टणाचे चित्र छापून दिले आहे, आणि मिळेल त्या किमतीला घेईन असे सांगून ठेवले आहे.