सुताराची चूक आणि कारकुनाची चूक



उमरठ म्हटले की लोकांना नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आठवते. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या या गावात बाहेरचा पाहुणा आला की आधी तिकडेच जातो, आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र आज याच गावातल्या एका जुन्या कपाटाविषयी लिहायचे आहे. कपाट आमच्या वाडीच्या बुद्धविहारातले. त्यात एका सुताराची चूक आहे आणि एका कारकुनाची. सुतार म्हणजे आमचे चुलते, तात्या. कारकून आम्ही स्वतः.

गेल्या पावसाळ्यात विहाराचे छप्पर गळले. दुरुस्ती काढली तेव्हा कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी लागलेली दिसली. तरुण मंडळी म्हणाली, "हे भंगारात द्या, लोखंडी कपाट आणू." बैठक झाली, कोणी विरोध केला नाही आणि ठराव आम्हीच आमच्या हाताने लिहिला. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आणि वंदनेची पुस्तके बाहेर काढून सतरंजीवर मांडली. वाळवी कुठवर गेली आहे ते पाहावे म्हणून एका मुलाने कपाटाच्या आतल्या बाजूचा निळा ऑइलपेंट खरवडला. आत साग निघाला, अगदी धडधाकट. आणि डाव्या बाजूला, तिसऱ्या फळीपाशी, सागात बसवलेली फणसाची एक पिवळसर पट्टी निघाली.

पट्टी पाहिली आणि आमचा हात थांबला. आम्ही ती विसरून गेलो होतो.

तात्या मुंबईला गिरणीत होते. आपल्या माणसांना गिरणीच्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. तात्या गिरणीत लागले ते पुष्कळ वर्षांनंतर. ते सुतारखात्यात हेल्पर होते. मागाचे लाकडी भाग, दारे-खिडक्या, माल भरायच्या पेट्या, अशा कामांत एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ते रंधा आणि पटाशी शिकले. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली आणि ते पत्र्याच्या पेटीत हत्यारे घेऊन गावी आले. वाडीतले पाळणे, पाट, खाटा, दाराच्या चौकटी सगळे त्यांच्या हातचे.

पण गावच्या रिवाजात सुतार ही जात. ज्याचा जन्म त्या घरात नाही, तो कितीही सुबक काम करो, त्याला सुतार कोण म्हणणार? शेजारच्या एका गावात तात्यांनी दोन झडपांचे सागवानी दार करून दिले होते. पुढे आम्ही त्या घरी काही कामानिमित्त गेलो असता एका पाहुण्याने दार कोणी केले म्हणून विचारले. घरमालक म्हणाले, "वाडीतल्या एका माणसाने." तात्यांचे नाव त्यांना चांगले ठाऊक होते. जात केवळ कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. त्या दिवशी आम्हाला ते दारात उभे राहून कळले. घरी येईपर्यंत आम्ही संतापाने धुमसत होतो.

विहाराचे कपाट तात्यांनी केले ते २००३ साली. लाकडासाठी एका दात्याने पैसे दिले होते, ते मोजकेच होते. तात्यांनी कपाटाची डावी बाजू वरून मोजली आणि उजवी खालून. डावी फळी अर्धा इंच लांब राहिली होती, ते ध्यानात आले नाही. खाचा पाडून झाल्या, फळी बसवून पाहिली, तर ती एका अंगाला उतरली. दुसरा साग आणायला पैसा नव्हता. दोन दिवस तात्या कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फणसाची पट्टी कापली, चुकीच्या खाचेत सरस लावून घट्ट बसवली आणि अर्ध्या इंचाच्या अंतराने नवी खाच पाडली. फळी ओळंब्यात आली. आजही तिच्यावर खंडांची रांग सरळ उभी राहते.

आम्ही तेव्हा नुकतेच बी. कॉम. होऊन नोकरीला लागलो होतो आणि मंडळाचे चिटणीस झालो होतो. ती पिवळी पट्टी आम्हाला खटकली. उद्घाटनाला पाहुणे येणार, ते काय म्हणतील? आम्ही रंगारी बोलावला, कपाटाला आतबाहेर निळा ऑइलपेंट दिला आणि दर्शनी झडपेवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत दात्याचे नाव काढले, "यांच्याकडून सप्रेम भेट". तात्या कोपऱ्यात उभे राहून पाहत होते. काही बोलले नाहीत. आता ते हयात नाहीत.

रंग खरवडला तेव्हा पट्टीजवळ पेन्सिलीचे आकडे दिसले. कोणता सांधा कुठे बसायचा ते कळावे म्हणून सुतार दोन्ही तुकड्यांवर एकच आकडा घालतो. एकाला एक, दोनाला दोन. तिसऱ्या खाचेपाशी ३ चा आकडा खोडून शेजारी पुन्हा ३ काढला होता. तात्या रात्रशाळेत शिकले होते, आकडा ठळक काढत. सबंध कपाटावर त्यांच्या हातचे तेवढेच लिखाण होते, आणि तेही आमच्या रंगाखाली.

त्या रात्री आम्ही मंडळाची जुनी वही काढली. हिशेब चोख ठेवला याचा आम्हाला आजवर अभिमान वाटत आला. कपाटाचे पान सापडले. दात्याची देणगी, तारखेसह. सागाची किंमत, बिजागऱ्या, स्क्रू, सरस, रंगाचे डबे, रंगाऱ्याची मजुरी, चहापान. बेरीज बरोबर. तात्यांचे नाव मात्र नाही. पुन्हा पाहिले, मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले. तात्यांनी मजुरी घेतली नव्हती. मजुरी नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून वहीत नोंद नाही. पैसे देणाऱ्याचे नाव दोन ठिकाणी, वहीत आणि झडपेवर. रंगाऱ्याचेही नाव वहीत. ज्याने पंधरा दिवस फुकट राबून कपाट उभे केले, तो कुठेच नाही.

"वाडीतल्या एका माणसाने" म्हणणाऱ्या त्या घरमालकावर आम्ही किती चिडलो होतो! आम्ही तर तेवढेही लिहिले नव्हते.

वाचकहो, ही आपली जुनी खोड आहे. स्टीलच्या तांब्यावर नाव आणि तारीख कोरल्याशिवाय आपण लग्नात भेट देत नाही. विहारातला पंखा फिरायचा थांबला की त्याच्या पात्यांवर देणाऱ्याचे नाव वाचता येते. दात्याचे नाव जरूर असावे, त्याने घामाचा पैसा दिलेला असतो. पण करणाऱ्याचे नाव का नसावे? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली. आमच्या वाडीतले कोण कोण गेले होते, हे लिहिलेले नाही. आज विचारावे तर सांगणारेही उरले नाहीत.

आपल्या पूर्वसुरींची रीत मात्र अशी नव्हती. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत दान देणाऱ्यांचे लेख आहेत, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात एक निराळा लेख आहे. हे काम कण्हाचा शिष्य बलुक याने केले, असे ब्राह्मी अक्षरांत तिथे कोरले आहे. दान दिले असे नव्हे, केले! आणि आपल्या नावाआधी गुरूचे नाव. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर प्रत्यक्ष एका सुताराचा लेख आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार, त्याने दर्शनी दार केले, असा त्याचा आशय आहे. जवळच्या भाजे लेण्यातल्या लाकडी कमानींवरही ब्राह्मी अक्षरे सापडली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूसंघाच्या वास्तूत सुताराला आपले, बापाचे आणि गावाचे नाव घालता आले, आणि आम्ही २००३ साली ते घातले नाही.

कपाट भंगारात द्यायचा ठराव आम्ही रद्द करून घेतला. मागच्या फळीवर तात्यांचे नाव घालायचे ठरले. पण आधी काकींना विचारणे भाग होते. काकी आता फार थकल्या आहेत. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "नको रे बाबा. चूक हाय त्यात. त्यांना ती लय लागली होती. विहारात गेले की त्या पट्टीवरनं हात फिरवायचे, मी बघायची."

आम्ही गप्प झालो. मेलेल्या माणसाची चूक त्याच्या नावानिशी चव्हाट्यावर आणायची का? रंगाखाली पट्टी झाकून आम्ही त्यांची लाज राखली होती, की त्यांची लाज वाढवली होती? रंग द्यायच्या आधी त्यांना एका शब्दाने विचारले असते, तर आज काकींना विचारायची वेळ आली नसती.

आम्ही काकींना पवारणेची गोष्ट सांगितली. वर्षावास संपतो त्या दिवशी भिक्खू संघासमोर बसून विनंती करतात, माझे काही चुकलेले आपण पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल तर सांगावे. स्थविर असो की नवा भिक्खू, प्रत्येकाने हे म्हणायचे. भगवंतांच्या शासनात चूक कबूल केल्याने माणूस लहान होत नाही. काकी बऱ्याच वेळाने बोलल्या. "मग चूकपण लिवा. आणि दुरुस्त त्यांनीच केली, हेपण लिवा. नायतर उद्या कोणी म्हणंल, दुसऱ्यानं नीट केलं."

आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समाप्तीस, वंदना झाल्यावर आम्ही उभे राहिलो आणि वहीतले ते पान सर्वांसमोर वाचून दाखवले. हिशेब बरोबर आहे पण नोंद चुकीची आहे, आणि ती चूक आमची आहे, असे सांगितले. वहीतले जुने लिखाण खोडले नाही. त्याखाली आजची तारीख घालून तात्यांचे नाव, त्यांचे पंधरा दिवसांचे श्रमदान आणि आमची सही, अशी नवी नोंद केली. मग कपाटाच्या मागच्या फळीवर पटाशीने तात्यांचे नाव, उमरठ, सन २००३ असे कोरले. खाली पट्टीची हकीकत दोन ओळींत लिहिली. काकींनी अक्षरांवरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नाही. "कुठं हाय त्यांचं नाव?" म्हणून विचारले, आम्ही त्यांचे बोट नेऊन ठेवले.

वाळवी लागलेली फळी वाडीतल्या एका मुलाने बदलली. तो आयटीआयमध्ये सुतारकाम शिकतो आहे. तूही नाव घाल म्हटले तर म्हणाला, "काका, माझा सांधा अजून नीट बसत नाही, फट राहिली आहे." आम्ही म्हटले, "तर मग तारीखही घाल. पाच वर्षांनी तुझाच सांधा तुला बघता येईल." त्याने घातली.

कुटुंबातील मंडळींना आमची विनंती आहे. घरात हाताने केलेली जी वस्तू असेल, पाळणा, पाट, पेटी, आजीने शिवलेली गोधडी, तिच्यावर करणाराचे नाव, गाव, महिना आणि वर्ष घाला. लाकडावर दर्शनी बाजूला नको, मागे किंवा तळाला घाला. बॉलपेनची शाई आपल्या कोकणच्या दमट हवेत टिकत नाही. पेन्सिलीने लिहिलेले टिकते, पटाशीने कोरलेले त्याहून टिकते. गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने अक्षरे काढता येतात. दुरुस्ती केली असेल तर तीही तारखेसह लिहा. करणारा हयात असेल तर त्याच्याच हातून लिहून घ्या, आणि तो "त्यात चूक आहे" म्हणाला तरी ऐकू नका.

तात्यांचे नाव आम्ही या लेखात छापलेले नाही. अंक चार दिवसांनी रद्दीत जातो. ज्यांना ते वाचायचे असेल त्यांनी उमरठला यावे. समाधीचे दर्शन घ्यावे आणि मग वाडीत विहाराकडे यावे. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!